इयत्ता पहिली

नवं दुकान उघडलं की आपण म्हणतो, धंद्याचा श्रीगणेशा झाला. एखाद्या कामाचा ओनामा होतो. थोरामोठ्यांचा कित्ता गिरवावा, असं मुलांना सांगितलं जातं. भांडण मिटलं की दोघंही पाटी कोरी करतात. निवडणुका आल्या की जुन्या आश्वासनांची उजळणी होते, आणि एखाद्याला आपल्या विषयातलं काहीच कळत नसेल तर तो अजून धुळाक्षरं गिरवतोय, असा शेरा आपण सहज मारतो. हे सगळे शब्द एकाच जागेतून आलेले आहेत. सहा-सात वर्षांचं मूल जिथं पहिल्यांदा अक्षरासमोर बसतं, त्या जागेतून. शाळेची पायरी कधीही न चढलेल्या माणसांच्या तोंडीही ते असतात.

गंमत अशी, की या जागेचा इतिहास मात्र आपण फारसा सांगत नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं, हे आपल्याला ठाऊक असतं. पण पहिलीचा वर्ग कधी स्थापन झाला, असं कोणी विचारलं तर? प्रश्नच विचित्र वाटतो. शाळा आहे म्हणजे पहिली असणारच, त्यात स्थापन काय व्हायचंय, असं आपल्याला वाटतं. पण पहिलीचा वर्ग कायम नव्हता. पंतोजीच्या शाळेत पहिली नव्हती, कारण तिथं इयत्ताच नव्हत्या.

पंतोजीची शाळा म्हणजे कुणाच्या तरी वाड्याची ओसरी, देवळाची ओवरी, नाहीतर खुद्द पंतोजीच्याच घराची पडवी. सहा वर्षांच्या पोरापासून मिसरूड फुटू लागलेल्या मुलापर्यंत सगळे एकाच जमिनीवर. शाळेत घालायचं तर जून महिन्याची वाट पाहायला नको, चांगला मुहूर्त पाहिला की झालं. पाटीपूजन व्हायचं, पंतोजीला नारळ-सुपारी आणि ऐपतीप्रमाणे दक्षिणा मिळायची, आणि मूल शाळेत बसायचं. पंतोजीचा चरितार्थही अशाच किरकोळ प्राप्तीवर आणि शिध्यावर चाले. कुणी धान्य देई, कुणी दरमहा काही पैसे, कुणी सणावाराला काही. शाळा सकाळी लवकर भरे, मधे जेवणापुरती सुटे आणि पुन्हा दिवेलागणीच्या आधीपर्यंत चाले.

नव्या मुलापुढे येई ती धूळपाटी. लाकडी फळी, तिच्यावर पसरलेली बारीक धूळ किंवा विटकरीची पूड, आणि हातात टोकदार काडी. पंतोजी किंवा एखादा थोरला मुलगा अक्षर काढून देई, आणि मुलानं त्याच रेघांवरून काडी फिरवत राहायचं. हेच ते गिरवणं. चुकलं की तळव्यानं धूळ सारखी करायची आणि पुन्हा सुरू. आधी 'श्रीगणेशाय नमः', मग 'ओनामासीधं'. मूळचं 'ॐ नमः सिद्धम्', म्हणजे जुन्या व्याकरणपरंपरेतून उतरलेलं वंदन. पोरांच्या तोंडी पिढ्यान् पिढ्या घासून त्याचा अर्थ पार निघून गेला आणि उरला तो नुसता नाद. धुळीवर हात बसला की मग बोरू, दौत आणि कागद. कागद महाग, म्हणून तो हाती पडायला बराच काळ लागे. लिहायचं ते बहुतेक मोडीत, कारण हिशेब आणि पत्रव्यवहार मोडीतच चाले. बालबोध लिपी पोथी वाचण्यापुरती.

या धूळपाटीचा एक प्रवास मात्र सांगायलाच हवा. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासजवळ एग्मोरला लष्करी अनाथाश्रमाच्या शाळेची देखरेख अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याकडे होती. तिथल्या देशी शाळेतली मुलं वाळूत बोटानं अक्षरं काढताना त्याच्या नजरेस पडली. त्यानं ती रीत आपल्या शाळेत आणली, आणि थोरल्या मुलांनी धाकट्यांना शिकवण्याची तजवीज केली. १७९७ साली त्यानं याविषयी एक पुस्तिका छापली. पुढे जोसेफ लँकॅस्टरच्या अशाच प्रयोगाबरोबर ही पद्धत इंग्लंडात गाजली, गोरगरिबांच्या शाळांमधून पसरली आणि १८२०च्या दशकात मुंबई इलाख्यातल्या नव्या शाळांसाठी सुधारलेली विलायती पद्धत म्हणून परत आली. आपलाच पाहुणा परदेशी टोपी घालून दारात उभा राहावा, तसं झालं.

पंतोजीच्या शाळेचा खरा जीव अक्षरापेक्षा अंकात होता. तोही तोंडी अंकात. छापील पुस्तक नव्हतंच, त्यामुळे जे काही ठेवायचं ते कानात आणि जिभेवर. संध्याकाळी सगळी मुलं एका सुरात परवचा म्हणत. पाढ्यांतले ते शब्द पाहा: बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा, बे चोक आठ. दुणे, चोक, सक हे शब्द पाढ्यांबाहेर आता फारसे भेटत नाहीत. दुणे म्हणजे द्विगुण, चोक म्हणजे चतुष्क, सक म्हणजे षट्क. प्राकृतातून उतरलेले हे शब्द मुलांच्या घोकंपट्टीनं जपून ठेवले आहेत. घोकंपट्टीला नावं ठेवताना एवढं तिच्या पदरात टाकायला हरकत नाही.

आणि पाढे काही पूर्णांकांचेच नसत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे पावाचा, अर्ध्याचा, पाऊणचा, सव्वाचा, दीडचा, अडीचचा आणि साडेतीनचा पाढा. औट म्हणजे साडेतीन. आज दहावी झालेल्या मुलालाही साडेतीनचा पाढा विचारला तर तो कॅल्क्युलेटर शोधेल. त्या काळी दहा-बारा वर्षांचा मुलगा साडेतीन आणे शेरानं तेरा शेर गुळाचे किती, असं विचारल्याबरोबर 'साडेपंचेचाळीस आणे, म्हणजे दोन रुपये साडेतेरा आणे' असं सांगून मोकळा होई. यात अलौकिक असं काही नव्हतं. रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार. पाव-अर्धा-पाऊण यांचंच जग होतं ते, आणि शाळा त्या जगासाठी मुलाला तयार करत होती. एक एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, पाठोपाठ किलोग्रॅम आणि मीटर आले. या पाढ्यांच्या पायाखालची जमीनच गेली. पोरांची बुद्धी कमी झाली म्हणून औटकी गेली, असं म्हणणारी वडीलधारी मंडळी पुष्कळ भेटतात. बुद्धी होती तिथंच आहे, आणा तेवढा गेला.

हे ऐकताना पंतोजीच्या शाळेचं चित्र मोठं गोड वाटू लागतं. म्हणून लगेच दुसरी बाजूही पाहायला हवी. एक म्हणजे मार. छडी तर होतीच, पण अंगठे धरून उभं करणं, कोंबडा करणं आणि घोडीवर चढवणं, म्हणजे दोरीला लटकवणं, इथपर्यंत शिक्षेची मजल जाई. दुसरी गोष्ट याहून मोठी. १८२९ साली मुंबई सरकारनं इलाख्यातल्या शाळांची मोजदाद केली. तिच्यात १,७०५ शाळा आणि ३५,१५३ विद्यार्थी भरले. त्यांपैकी सरकारच्या शाळा अवघ्या २५, बाकीच्या १,६८० गावोगावच्या. गुजरातपासून कर्नाटकापर्यंत पसरलेल्या इलाख्यात पस्तीस हजार मुलं! आणि ही मुलं कुणाची, तर ब्राह्मणांची, प्रभूंची, वाण्या-सोनारांची, काही थोडी पाटील-देशमुखांची. कुळवाड्याचा मुलगा क्वचित. मुली जवळजवळ नाहीतच. आणि ज्यांना गावकुसाबाहेर राहावं लागे, त्यांच्या पोरांचा तर प्रश्नच नव्हता. ओसरीवर सगळे एका जमिनीवर बसत खरे, पण ओसरीची पायरी कुणी चढायची हे आधीच ठरलेलं होतं.

मग इयत्ता आली कुठून? १८२०च्या दशकात मुंबईत शाळा आणि शालेय पुस्तकं यांसाठी एक मंडळी उभी राहिली आणि पुढे ती 'बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी' या नावानं ओळखली गेली. तिच्यासाठी सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी 'बाळमित्र' आणि 'इसापनीती' मराठीत आणली, जॉर्ज जर्व्हिस यांनी गणिताची पुस्तकं केली. १८५५ साली सरकारचं शिक्षणखातं सुरू झालं आणि मेजर कँडींच्या देखरेखीखाली क्रमिक पुस्तकं तयार होऊ लागली. क्रमिक हा शब्द इथं महत्त्वाचा. पहिलं पुस्तक संपल्याशिवाय दुसरं नाही. एकच पुस्तक रत्नागिरीच्या मुलाला आणि तेच खानदेशातल्या मुलाला. आता हे पुस्तक पुरं झालं की नाही, हे पाहायला वर्षातून एकदा साहेब येणार. खेड्यातल्या मंडळींनी ज्याला 'दिपोटी' करून टाकलं तो डेप्युटी इन्स्पेक्टर. तो परीक्षा घेणार आणि शेरेबुकात शेरा लिहिणार. शाळेचं अनुदान आणि मास्तरांची पत बऱ्याच अंशी त्या शेऱ्यावर.

संस्कृतात इयत्ता म्हणजे 'इतकेपणा', मोजमाप, मर्यादा. किती शिकून झालं याचं माप. शब्द निवडणाऱ्यानं फार नेमका निवडला, असं म्हणायला हवं. कारण पहिलीच्या वर्गात जे नवं आलं ते मापच. पंतोजीच्या शाळेत संथ मुलगा संथपणे शिके. एकाची धूळपाटी चार महिन्यांत सुटे, दुसऱ्याची दीड वर्षानं. दुसरा मागे राही, पण नापास होत नसे, कारण पास होण्याची रेघच कुणी ओढलेली नव्हती. वर्ग आला, वर्षाची मुदत आली, आणि त्यांच्याबरोबर नापास नावाची एक नवीच जात समाजात जन्माला आली.

दुर्दैव असं, की हे नेमकं त्याच काळात घडलं, ज्या काळात पायरी हळूहळू सगळ्यांना मोकळी होत होती. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली, सावित्रीबाई तिथं शिकवू लागल्या. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. त्यानं सरकारकडे अर्ज केला, मुंबई सरकारनं तो फेटाळला. पण प्रकरण वरपर्यंत गेलं, आणि सरकारी पैशानं चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या असल्या पाहिजेत, हे तत्त्व कंपनीच्या संचालकांना मान्य करावं लागलं. तत्त्व कागदावर राहिलं, ते बराच काळ. विसाव्या शतकाच्या आरंभी साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी वर्गाच्या कोपऱ्यात वेगळ्या गोणपाटावर बसत होता. शाळा झाडणारा गडी त्या गोणपाटाला हात लावत नसे. म्हणून ते रोज संध्याकाळी घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. शिक्षणाच्या इतिहासात पाटी-पेन्सिलीच्या बरोबरीनं त्या गोणपाटाचीही नोंद व्हायला हवी.

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी जे निवेदन दिलं, त्यात एक मागणी बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याची होती. दुसरी मागणी मला तितकीच महत्त्वाची वाटते. प्राथमिक शाळेचे शिक्षक शेतकरीवर्गातले असावेत, गरज पडली तर नांगर किंवा सुताराची पटाशी हातात धरायला न लाजणारे असावेत. मुलाला मोडी-बालबोध यावी, हिशेब यावा, आणि शेतीचंही काही ज्ञान मिळावं. पहिलीत येणाऱ्या पोराला समोरचा माणूस आपल्यातला वाटला पाहिजे, हे त्यांनी ओळखलं होतं. पुढे बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेलीत आणि १९०६ साली सगळ्या संस्थानात शिक्षण सक्तीचं केलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड त्यात होता. त्या काळी रुपया म्हणजे चेष्टा नव्हती.

मुलं येऊ लागली. आणि मग?

सायमन कमिशनच्या मदतीला सर फिलिप हार्टोग यांची शिक्षणविषयक समिती नेमली गेली होती. १९२९ साली तिनं दिलेल्या अहवालातला एक आकडा शिक्षणाच्या प्रत्येक अभ्यासकाला ठाऊक असतो, सर्वसामान्य माणसाला मात्र क्वचितच. ब्रिटिश हिंदुस्थानात १९२२-२३ साली पहिलीत असलेल्या दर शंभर मुलांपैकी १९२५-२६ साली चौथीत पोचलेली मुलं किती? फक्त अठरा. उरलेली ब्याऐंशी कुठे गेली? काही पहिलीतच पुन्हा पुन्हा बसली होती. बाकीची गुरांमागे, शेतावर, धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी. गावच्या शाळेच्या पटावर सगळ्यात फुगलेला वर्ग पहिलीचा असे, तो यामुळे. वर्ग मोठा दिसायचा, पण त्यातली बरीचशी गर्दी त्याच त्या मुलांची असायची.

ही मुलं रोज काय करत होती, ते आता पाहू. शाळा बहुधा एकशिक्षकी. चार इयत्ता आणि मास्तर एक. दिपोटी परीक्षा घेणार ती चौथीची अधिक बारकाईनं, तेव्हा मास्तरांचं लक्ष चौथीवर. पहिलीला सांगितलेलं असे: उजळणी लिहा. पोरं पाटीवर एक ते शंभर लिहीत, थुंकी लावून पुसत आणि पुन्हा लिहीत. पाटी तपासायला कुणी आलं नाही तरी चाले, कारण पुसल्यावर त्यातलं काहीच उरत नसे. दगडी पाटी स्वस्त, टिकाऊ, गरिबाला परवडणारी, हे सगळं खरं. पण तिच्यावर सकाळी केलेली चूक दुपारी दिसत नाही. वर्षभर मुलाचं नेमकं कुठं अडलं, याचा पुरावा राहत नाही. पंतोजी चौथ्या मुलाला जवळ घेऊन बसू शकत असे. इथं चाळीस पाट्या होत्या. पहिलीच्या इतिहासाला कागद फारसे नाहीत, ते यामुळेच. तो सगळा ओल्या फडक्यानं पुसून गेला आहे.

हार्टोग समितीनं यावर उपाय सुचवला तो असा, की शाळांचा विस्तार थोडा आवरावा, आहेत त्या सुधाराव्यात. याला कडाडून विरोध करणारा एक मराठी माणूस होता. मुंबईच्या नगरपालिकेच्या शाळांचं काम पाहिलेले रा. वि. परुळेकर. १९३९ साली लिहिलेल्या साक्षरतेवरच्या इंग्रजी पुस्तकात त्यांनी आकडे मांडून विचारलं, की दर्जाच्या नावाखाली कोट्यवधी मुलांना दाराबाहेर किती दिवस ठेवणार? वर्ग मोठे करा, दोन पाळ्यांत भरवा, पण मुलांना आत घ्या. पुढे त्यांनी आणि जे. पी. नाईक यांनी मिळून १९४८ साली 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन' काढली. परुळेकर बरोबर की हार्टोग, हा वाद अजून मिटलेला नाही. माझा कौल परुळेकरांच्या बाजूला. दाराबाहेरच्या मुलाला चांगल्या दर्जाचा काय उपयोग?

तरीही आत आलेल्या मुलाला अक्षर कसं शिकवायचं, हा प्रश्न उरतोच. आपली वर्णमाला ही फार देखणी रचना आहे. कंठापासून ओठापर्यंत उच्चार जसजसा पुढं सरकतो तशी क-वर्ग, च-वर्ग करत ती येते. पण ती कानासाठी रचलेली. हाताला तिचा काही उपयोग नाही. पहिल्याच ओळीत ङ येतो. तो मुलाला जन्मात कधी सुटा लिहावा लागत नाही. म्हणून मग कुणा कुणा शहाण्या शिक्षकांनी 'ग म भ न' हा क्रम रूढ केला. एक गोलवा, एक दांडी, थोडा फेरफार की पुढचं अक्षर. जवळजवळ सारखी दिसणारी अक्षरं एकत्र आली आणि बोटांना वळण सापडलं. पुढची पायरी शब्दांची. काना-मात्रा नसलेले, चित्र काढता येईल असे शब्द आधी ओळखायचे, मग त्यांतून अक्षर सुटं करायचं. आचार्य अत्र्यांनी 'नवयुग वाचनमाला' काढली आणि मुलांच्या पुस्तकात मुलांची भाषा आली. २७ जानेवारी १९६७ला राज्याचं पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झालं, आणि 'बालभारती' हे नाव घराघरांत पोचलं. तिच्या कोऱ्या पानांचा वास आठवत नाही असा मराठी शाळेतला माणूस विरळा. बाराखडी मात्र सगळ्यांना पुरून उरली. उलट ॲ आणि ऑ यांना जागा मिळाल्यानं ती चौदाखडी झाली आहे.

पण कमळाचं चित्र दाखवून 'कमळ' म्हणायला लावणं हे त्या मुलासाठी ठीक, ज्याच्या घरी कमळाला कमळच म्हणतात. डहाणूच्या डोंगरातल्या वारली मुलाचं काय? मेळघाटातल्या कोरकू मुलीचं काय? तिच्यासाठी पहिलीचा पहिला दिवस म्हणजे परक्या भाषेतला पहिला दिवस. ती गप्प बसते आणि मास्तर तिला मंद समजतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं काम इथं फार मोलाचं. १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं केंद्र सुरू केलं, आणि १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर नेलं. तिथं आदिवासी मुलं शाळेत येईनात, कारण ती गुरं राखायला जात. मग शाळाच कुरणात गेली. तिचं नावही कुरणशाळा. गुरं चरताहेत, आणि झाडाखाली खडे, बिया, पानं मांडून मोजणं चाललं आहे. अंगणवाडी हा शब्दही याच कामातून आला. मूल शाळेत येत नाही हा मुलाचा दोष धरायचा की शाळेचा, याचं उत्तर या दोघींनी वाद न घालता देऊन टाकलं.

अलीकडे पहिलीवर चर्चा होते ती बहुतेक भाषांच्या ओझ्याची. २००० सालच्या जूनपासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा निर्णय आला, त्यावर रान उठलं, आणि जूनअखेर सरकारला तो मागे घ्यावा लागला. त्याआधी, जून २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकानं अशीच खळबळ उडवून दिली होती. 'बावीस' ऐवजी 'वीस दोन' असं म्हणण्याची सोय त्यात सुचवलेली होती. मंगला नारळीकर या समितीच्या अध्यक्ष होत्या. विनोद झाले, विधिमंडळात टोले हाणले गेले. पण त्यांचं म्हणणं शांतपणे ऐकण्याजोगं होतं. त्रेपन्न म्हणताना तीन आधी येतात आणि लिहिताना पाच आधी. एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणा, मग नव्व्याण्णवला एकोणशंभर का नाही? आपल्याला हे खटकत नाही, कारण आपण ते घोकलेलं आहे. घरात उजळणी घेणारं कुणी नाही, अशा मुलाला मात्र त्रेपन्न आणि पस्तीस यांत वर्षभर ठेच लागते. भाषेचं सौंदर्य आणि त्या मुलाची सोय या दोन्ही बाजू खऱ्या आहेत. त्यावर आरडाओरडच अधिक झाली.

नापासाची चाळणी कायद्यानं काढली ती २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं. तो एक एप्रिल २०१० पासून लागू झाला. आता पहिलीत कुणालाही नापास करता येत नाही. त्याच्याही आधी, १९९५ साली केंद्राची माध्यान्ह आहाराची योजना आली. सुरुवातीला धान्य घरी दिलं जाई, २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शिजवलेलं अन्न शाळेत मिळू लागलं. दुपारी खिचडीचा वास सुटला की पहिलीच्या वर्गात जी चुळबुळ सुरू होते, तिचाही पटावर परिणाम झालाच. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या शाळांनी वर्गाची जमीनच अक्षरांनी आणि अंकांनी रंगवून टाकली, आणि २०१५ नंतर राज्यभरातून शिक्षक ते पाहायला जाऊ लागले. मुलं जमिनीवर वाकून बोटानं अक्षर गिरवतात. कुठं रांगोळीत, कुठं रव्यात. पंतोजी आता आला तर त्याला ही शाळा ओळखीची वाटेल, छडी कुठं ठेवली एवढंच तो विचारेल.

तरी काही बाकं दिवाळीनंतर रिकामी होतात. बीडपासून अहिल्यानगरपर्यंतच्या कोरडवाहू गावांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघतात, आईबापांबरोबर पोरंही फडावर जातात आणि उन्हाळ्यात परततात. जूनमध्ये सुरू झालेली त्यांची पहिली ऑक्टोबर-नोव्हेंबरात तुटते. काही कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या, काही चालल्या, काही बंद पडल्या. आता गाव सोडताना शिक्षकांनी मुलाला शिक्षण हमी कार्ड द्यायचं असतं. ते दाखवलं की जिथं टोळी उतरेल तिथल्या शाळेत वर्षाच्या मध्येच, कुठल्याही दिवशी त्याला बसता यावं. मुहूर्त पाहायला नको, जूनची वाट पाहायला नको. कार्डावर नाव असतं, गाव असतं, आणि खाली इयत्तेची नोंद: पहिली.